अनुसयाबाईंच्या सायकलची सीट

बालाघाटच्या कचेरीत, नकला करायच्या खोलीत, खेमराजबाबू फुंडे बसायचे. कागदाची हुबेहूब नक्कल उतरवणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम. पण गावात त्यांचं नाव झालं ते सायकलींच्या सीटमुळे. कोटाच्या एका खिशात पेन आणि दुसऱ्या खिशात पाना घेऊन फिरणारा बाबू उभ्या मध्य प्रदेशात दुसरा नसेल. कुणी सायकलवरून उतरताना कंबरेवर हात ठेवला, की यांचा हात पान्याकडे गेलाच. "थांबा जरासे," ते म्हणायचे, "दुखणं तुमच्या कंबरेत नाइ, सीटमंधी हाय." आणि खरोखरच, नट सैल करून सीट जराशी सरकवली की माणूस सुखानं घरी जायचा.

असा हा सीटचा धन्वंतरी. आणि याच्या घरची सायकल? तिची सीट वर्षभर चुकीच्या मापाला आवळलेली होती, तीही यानंच, स्वतःच्या हातानं, जाणूनबुजून. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथं तर दिव्यानं तो अंधार नट आवळून पक्का केला होता.

कारण ऐकाल तर हसाल. खेमराजबाबूंची बायको अनुसयाबाई त्यांच्याहून उंच होती.

आता बायको उंच असणं हा काही फौजदारी गुन्हा नाही. पण खेमराजबाबूंना कोण सांगणार? मुळात लग्न ठरतानाच त्यांच्या डोळ्यांत धूळ गेली होती. पाहायला गेले तेव्हा मुलगी सतरंजीवर बसलेली. तिनं बसूनच नमस्कार केला, बसूनच नाव सांगितलं, मॅट्रिक पास झाल्याचंही बसूनच सांगितलं. मुलीचा मामा तेवढा म्हणाला, "पोरगी अंगापिंडानं बरी हाय बरं." यांनी ते कौतुक समजून सोडून दिलं. लग्नात नवऱ्याच्या डोक्यावर फेटा, फेट्यावर बाशिंग, पायाखाली पाट. अंतरपाट दूर झाला तेव्हा वऱ्हाडाला जोडा कसा छान शोभून दिसला. मग फेटा उतरला, पाट भिंतीला टेकला, आणि खेमराजबाबूंना संशय आला. एक दिवस बायको चौकटीशी उभी असताना त्यांनी तिच्या अंबाड्याची जागा नजरेनं धरून ठेवली आणि ती आत गेल्यावर आपलं डोकं तिथं लावून पाहिलं. चार बोटांचा फरक निघाला.

चार बोटं. पण खेमराजबाबूंना वाटलं, ही चार बोटं गावाला दिसली तर आपली चार माणसांत काय राहील?

पण आपल्या रितीभाती मोठ्या दयाळू बरं का. त्या सगळ्या पूर्वी कुणा ठेंगण्या नवऱ्यानंच घालून दिल्या असाव्यात. बायकोनं नवऱ्याच्या चार पावलं मागं चालायचं, म्हणजे मागचं माणूस आपोआप लहान दिसतं. फोटोत नवऱ्यानं खुर्चीत बसायचं आणि बायकोनं बाजूला उभं राहायचं, म्हणजे कोण किती लांब हे ब्रह्मदेवालाही उमजू नये. देवळात बाया एकीकडे, गडी एकीकडे. पंगतीत तर सारेच बसलेले. लोक म्हणायचे, फुंड्यांची सून मोठी विनयाची, पदर कधी ढळू देत नाही. खेमराजबाबू मनातल्या मनात म्हणायचे, असू द्या बापा, विनय असाच असू द्या. अशी चार वर्षं निभावली.

मग घरात सायकल आली.

झालं असं, की नागपूरची राजधानी जाऊन भोपाळची येऊन काही वर्षं लोटली होती आणि जिकडंतिकडं नव्या शाळा उघडत होत्या. मॅंगनीजच्या खाणीकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका गावात मुलींची शाळा निघाली आणि तिथं अनुसयाबाईंना नोकरी लागली. वर्षभर काम बरं केलं की नोकरी पक्की होणार होती. खेमराजबाबूंच्या आई दुर्गाबाई यांनी आधी डोक्यावर हात मारून घेतला. "सून शाळंत जाईन, मंग भात काय मी रांधू?" पण महिनाभरात नळावरच्या बाया त्यांना "बहनजीची सासू", म्हणजे मास्तरीणबाईची सासू, म्हणून आधी पाणी भरू द्यायला लागल्या, तेव्हा दुर्गाबाई स्वतःच भल्या पहाटे उठून भात रांधू लागल्या. वर आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या अनुसयेच्या हाताखाली पोट्ट्या फर्राटे हिंदी वाचून राह्यल्या."

शाळा लांब. पायी जाऊन पाय तुटायचे. तेवढ्यात खाणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या मेमची सायकल विकायला निघाली. खेमराजबाबूंनी ती घेतली. बिनदांडीची बायकी सायकल, मागच्या चाकाला जाळी, म्हणजे साडी अडकायची भीती नाही. उजव्या मुठीजवळ एक छोटा खटका होता आणि त्याला तीन घरं होती. तो कशाचा, हे चौकातला सायकलवाला टिकाराम यालाही धड सांगता येईना. "गेर है बाबूजी," तो म्हणाला, "विलायतमध्ये पहाड असते ना, त्याच्यासाठी. आपल्याइकडं काय काम?" म्हणून खेमराजबाबूंनी तो खटका मधल्या घरात सुतळीनं बांधून टाकला. 

अनुसयाबाईंनी माहेरी भावाच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकून घेतलं होतं. एका सकाळी घरामागच्या मोकळ्या पटांगणात त्या मेमच्या सायकलवर बसल्या आणि निघाल्या. एक फेरी, दोन फेऱ्या, तिसऱ्या फेरीला तर एक हात सोडून पदर सावरला. मेम बाई ताडासारखी होती, तिनं सीट चांगली वर ठेवलेली होती, आणि त्या सीटवर अनुसयाबाई अशा बसल्या होत्या की सायकल जणू त्यांचं माप पाठवून विलायतेहून मागवली. उतरल्या तेव्हा चेहरा फुललेला. "लय बरी हाय," त्या म्हणाल्या. "कुठं काही लागत नाइ, कुठं काही दुखत नाइ."

खेमराजबाबूंना राहवलं नाही. "उतर, मी पाह्यतो." ते चढले. डावा पाय पैडलवर पोचला तर उजवा हवेत, उजवा पोचला तर डावा हवेत. असे चार वेळा इकडून तिकडं झुलले आणि टणटणीच्या झुडपात जाऊन विसावले. अनुसयाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की नाही ते कळलं नाही, पण खेमराजबाबूंनी अंगावरचे काटे काढायच्या आधी पाना काढला आणि सीटचा नळा पार तळाशी उतरवून नट आवळला.

"काहून खाली करून राह्यले?" अनुसयाबाईंनी विचारलं. "बरी तर होती."

"मेमच्या हाडाचं माप आपल्या देशात चालत नाइ."

"मंग मी जाईन तवा वर घेऊ, तुमी जाल तवा खाली."

"रोज वर-खाली केलं तर आटे झिजते."

अनुसयाबाईंनी त्यानंतर कधी विचारलं नाही.

आटे झिजतील ही शुद्ध थाप होती. खरी गोष्ट अशी, की सायकल एक आणि माणसं दोन. अनुसयाबाईंची शाळा सकाळची. त्या परत आल्या की तीच सायकल घेऊन खेमराजबाबू कचेरीत जायचे. बायकी सायकलवर कसे, असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, धोतरवाल्याला दांडी नसलेलीच बरी. आणि कचेरीच्या आवारात सायकली ओळीनं उभ्या राहायच्या, त्या ओळीसमोर पान चघळत उभे असायचे बडे बाबू शरदचंद्र पिंपळापुरे. नागपूरकडचे, जिभेनं तिखट, नजरेनं त्याहून तिखट. कुणाच्या सायकलला नवी घंटी लागली की घरात काय कार्य आहे ते त्यांना कळायचं. फुंड्यांची सीट सकाळी वर होती आणि आता खाली आली, हे त्या नळ्यावरच्या चकाकीवरून बड्या बाबूंनी ओळखलं असतं. मग वर कोण बसतं? आणि मग? खेमराजबाबूंना पुढचा विचारही सोसायचा नाही.

पावसाळा गेला, दिवाळी झाली आणि अनुसयाबाईंचे गुडघे धरले. एवढी लांब बाई त्या बुटक्या सीटवर बसायची म्हणजे प्रत्येक पैडलला गुडघा थेट छातीला भिडायचा. जाताना रेल्वे फाटकाची चढण, येताना ऊन. घरी येऊन बसल्या की उठताना भिंतीचा आधार घ्यायच्या. दुर्गाबाईंनी रोज सुनेच्या गुडघ्यांना टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल चोळायला घेतलं. सासू सुनेचे पाय चोळते म्हणून शेजारणी पाहायला यायच्या. दुर्गाबाई त्यांनाच दोष द्यायच्या. "तुमच्याच कोनाची तरी नजर लागली. माह्या सुनेचं सुख पाह्यवलं नाइ तुमाले." वैद्य म्हणाला वात आहे. 

खेमराजबाबूंना ठाऊक होतं काय आहे ते. त्यांनी पटांगणातल्या त्या तीन फेऱ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण माणसाचं मन कसं असतं पाहा, चोर घरात बसलेला आणि हा गावभर शोधत फिरतो. त्यांनी सीटची उंची सोडून सायकलीचं बाकी सगळं फिरवायला सुरुवात केली.

आधी हँडल वर घेतलं. अनुसयाबाई आरतीचं तबक धरल्यासारख्या दिसायला लागल्या आणि खांदे भरून आले. मग हँडल खाली घेतलं, तर रस्त्यावर पडलेली कानातली कुडी शोधत चालल्यासारख्या दिसायला लागल्या आणि मान धरली. सीटचं नाक वर केलं, त्या मागं घसरल्या. नाक खाली केलं, पुढं घसरल्या. सीट मागं सरकवली, तेव्हा जरा आराम पडला, पण हात पुरेनात. खटक्याची सुतळी मात्र अनुसयाबाईंनी कधीच सोडून टाकली होती. फाटकाच्या चढणीवर तो अंगठ्यानं पहिल्या घरात ढकलला की पैडल हलकं होतं, हे त्यांचं त्यांनाच कळलं होतं. टिकारामला सांगितलं तर तो म्हणाला, मैं तो पह्यलेच बोला था.

शेवटी खेमराजबाबूंना एक नामी युक्ती सुचली. सीट वर नाही करायची, सीटवर गादी करायची. उंची वाढेल आणि नळा दिसणार नाही. शिंप्याकडून कापूस भरलेली खोळ शिवून आणली. एकीनं भागेना म्हणून तिच्यावर दुसरी चढवली. सीट फुगून लग्नातल्या लोडासारखी झाली. पहिल्याच दिवशी भर चौकात कुत्रं आडवं आलं, ब्रेक लागला, आणि अनुसयाबाई गादीसकट डावीकडं उतरल्या. लागलं नाही फारसं. पण वर्गातली एक पोरगी तिथंच होती, तिनं गादी झटकून आणून दिली आणि विचारलं, "बहनजी, आपका तकिया?" त्या दिवसापासून गादी घरी राहिली आणि दुर्गाबाई ती पाठीशी घेऊन बसू लागल्या.

या सगळ्या खटपटीत एक नवल घडलं. खेमराजबाबू खरोखरच तज्ज्ञ झाले. वर्षभर त्यांनी एका सायकलीला इतकं उलटंसुलटं केलं होतं, की कुठं काय हललं म्हणजे अंगात कुठं काय दुखतं, हे त्यांना तोंडपाठ झालं. कचेरीतल्या एका चपराशाचे हात मुंग्यांनी भरायचे. यांनी त्याचं हँडल उचललं, मुंग्या गेल्या. खजिन्यातल्या बाबूंची कंबर धरायची. सीट जराशी पुढं ओढली, कंबर सुटली. खुद्द बड्या बाबूंचा गुडघा दुखायचा, तो खेमराजबाबूंनी एका दुपारी बरा केला. "टाच पैडलवर ठेवा," त्यांनी सांगितलं. "पैडल तळाला गेल्यावर पाय ताठ झाला पाह्यजे. तुमचा होत नाइ. गुडघा दुखला की समजा, सीट खाली हाय. वर घ्या." बड्या बाबूंची सीट वर गेली आणि गुडघा गप्प बसला. तेव्हापासून ते आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या फुंड्यांच्या हातात गुण आहे हो." खेमराजबाबूंची छाती फुगायची, आणि घरी जाऊन सायकल टेकवताना पुन्हा बसायची.

वर्ष संपत आलं. एका शनिवारी दुपारचे बाबू लोक व्हरांड्यात चहा घेत उभे होते. रस्त्यावरून अनुसयाबाई येत होत्या. सायकलवर नव्हत्या. सायकल ढकलत, एक पाय जरा ओढत, उन्हात पायी येत होत्या. त्या दिवशी शाळेत काही कार्यक्रम होता, त्यामुळे उशीर झाला होता, आणि खेमराजबाबू सकाळी चालतच आले होते. 

"चेन उतरली वाटतं बहनजींची," कुणीतरी म्हणालं.

"चेन जागेवर आहे," बडे बाबू म्हणाले. त्यांची नजर ती. "गुडघा दुखतोय त्यांचा. चाल पाहा ना. मी सहा महिने तसाच चालत होतो." मग ते खेमराजबाबूंकडं वळले, आणि त्यांच्या आवाजात या खेपेला तिखटपणा मुळीच नव्हता. "फुंडे, साऱ्या कचेरीचे गुडघे बरे केलेत तुम्ही. घरच्या सायकलची सीट पाहिली नाही का हो कधी?"

खेमराजबाबूंनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. "पाह्यतो," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी अनुसयाबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोमवारी शाळंत सांगून देते मी. आता जमत नाइ."

"काय सांगतेस?"

"नोकरी सोडते मनून. पुढच्या महिन्यात पक्की होनार होती. पण पाय चालत नाइ त काय करू? पोट्ट्या म्हनतात, बहनजी, बसूनच शिकवा. म्या म्हटलं, बसून शिकवाले येईन, पन बसून शाळंत कशी येऊ?" त्या हसल्या आणि एक खडा उचलून बाजूला टाकला. "माह्याच अंगात खोट असंन. मेम तर चालवतच होती तीच सायकल."

दुर्गाबाई कोपऱ्यात गादीला टेकून बसल्या होत्या, त्या डोळे पुसायला लागल्या. खेमराजबाबूंना वाटलं, आपल्याला कुणी चारचौघांत जोडा मारला असता तर बरं झालं असतं. स्वतःच्या अंगात खोट आहे असं ही बाई म्हणते आणि आपण पाना खिशात घेऊन ऐकत बसलो. लाज वाटली त्यांना, खरी लाज. पण हाडाची सवय एका लाजेनं जात नाही. त्यांच्या मनानं लगेच तोड काढली. सकाळी कुणाच्या नकळत सीट वर करायची. आपण सोमवारपासून पायी कचेरीत जायचं, डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणायचं. सीट कचेरीत जाणारच नाही, तर बडे बाबू काय कपाळ पाहणार? सापही मरेल आणि काठीही शाबूत.

रविवारी उजाडताच ते अंगणात पाना घेऊन बसले. नट सुटला. नळा मात्र हलेना. वर्षभर तळाशी बसलेला तो नळा गंजून आतल्या आत चिकटला होता. तेल घातलं, दोन्ही पायांत सायकल धरून सीट उपटायचा प्रयत्न केला, आईला चाक धरायला बसवलं. दुर्गाबाई चाकासकट ओढल्या गेल्या, सीट जागची हलली नाही. आता टिकारामच्या दुकानाशिवाय गती नव्हती. आणि टिकारामचं दुकान भर हनुमान चौकात, रविवारी तर अर्धं गाव तिथं हवा भरायला उभं.

"चाल," ते अनुसयाबाईंना म्हणाले. "बसून पाहा लागंन तुले."

ते सायकल घेऊन पुढं, अनुसयाबाई चार पावलं मागं, असे दोघं चौकात पोचले. टिकारामनं रॉकेल ओतलं, हातोडी घेतली, आणि नळा ठोकता ठोकता असा काही आवाज केला की नसलेली माणसंही जमली. बडे बाबू पंप हातात घेऊन उभेच होते. बऱ्याच वेळानं नळा करकरला आणि सुटला.

"हां," टिकाराम घाम पुसत म्हणाला, "अब बोला बाबूजी, किसके नाप से लावू?"

"बहनजीच्या."

टिकाराम जरा घुटमळला. परक्या बाईला सीटवर बसवून पाय ताठ करायला सांगणं, तेही चौकात, हे काही त्याच्या दुकानात चालत नव्हतं. बायकांच्या सायकलीचं माप तो नेहमीच्या रितीनं घ्यायचा. "मंग तुमी बसा बाबूजी," तो म्हणाला. "तुमच्या नापानं सीट लावतो. बहनजी तुमच्याहून किती कमी ते सांगा, उतनं नीचे घेतो."

साऱ्या बालाघाटात नवऱ्याच्या मापातून वजा करूनच बायकोचं माप निघायचं. बड्या बाबूंनी पंप मारायचा थांबवला. खेमराजबाबूंनी मागं वळून पाहिलं. चार पावलांवर अनुसयाबाई पदर घेऊन उभ्या होत्या आणि एका हातानं गुडघा दाबत होत्या. 

"नीचे नाइ," खेमराजबाबू म्हणाले. "वर घ्या. चार बोटं वर."

"वर?" टिकारामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मल्लब, तुमच्याहून वर?"

"हौ. माह्याहून वर." आणि त्यांना एकदम स्वतःचाच राग आला. एवढं बोलून झालं होतं, आता राहिलं काय होतं? "अनुसया, इकडं ये," ते म्हणाले. चौकात, चार माणसांत, बायकोला नावानं हाक मारली. "माह्याजवळ उभी राह्य. पाहू दे त्याले."

अनुसयाबाई पुढं आल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. खांद्याला खांदा लावून ही जोडी लग्नानंतर पहिल्यांदाच उभी होती. टिकारामनं दोघांच्या डोक्यांवरून लाकडी पट्टी धरली. चार बोटंच निघाली. पण खेमराजबाबू आता सीटवाले होते. त्यांची नजर सवयीनं डोक्याकडं न जाता गुडघ्याकडं गेली. साडीच्या निऱ्या जमिनीवर जास्तीच्या लोळत होत्या. पाय आत दुमडलेले होते. पाठीलाही बाक होता, एवढा थोडा की रोज पाहणाऱ्याला दिसू नये.

"ताठ उभी राह्य," ते म्हणाले.

"ताठच हाय."

"गुडघे सरळ कर."

अनुसयाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच गुडघे सरळ केले, पाठ सरळ केली. निऱ्या जमिनीवरून उचलल्या गेल्या. टिकारामला पट्टी वर घ्यावी लागली, आणखी वर घ्यावी लागली. खेमराजबाबूंच्या टोपीचं टोक तिच्या कानाच्या पाळीशी आलं. त्यांना मान वर करून पाहावं लागलं, आणि आपल्या बायकोचा चेहरा इथून कसा दिसतो हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"कवापासून वाकून राह्यली तू?" त्यांनी विचारलं.

"लग्नापासून."

"दिवसभर?"

"पह्यले याद ठेवा लागे," अनुसयाबाई म्हणाल्या. "आता सवय झाली."

गुडघे सीटनं दुखत होते एवढंच खेमराजबाबूंना वाटत होतं. इथं तर सायकल आली त्याच्या चार वर्षं आधीपासून ते दुमडलेले होते, आणि त्यावर कसलाही पाना चालवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. 

"टिकाराम," ते म्हणाले, "चार बोटं नाइ. माह्यं माप चुकलं. एक वीत वर घे."

"मंग तुमी कशी चालवान?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"मी पायी जाईन. कचेरी कोनती दूर हाय."

टिकारामनं सीट वर ओढली. बडे बाबू शरदचंद्र पंप खाली ठेवून पुढं आले होते. गावातली एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं आपल्या नजरेतून सुटली, याचाच त्यांना धक्का बसला होता. "फुंडे," ते हळूच म्हणाले, "बहनजी तुमच्याहून उंच आहेत?"

खेमराजबाबूंनी उजवा हात हवेत वर केला, अंगठा आणि करंगळी ताणली, आणि ती वीत साऱ्या चौकाला दिसेल अशी धरली.

"एवढी उंच हाय," ते म्हणाले. मग टिकारामकडं वळले. "आवळ आता. घट्ट आवळ. ही सीट आता खाली येत नाइ."